प्रजनन-आरोग्य, समाजशास्त्रे आणि संशोधकाची सवड

चंदीगडहून कालक्याकडे जाणारा रस्ता पिंजौरवरून पुढे जातो. शिवालिकच्या पायथ्याशी असलेले हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे औरंगजेबाच्या काळात फिदाई खानाने रचलेली टप्प्याटप्प्यांची बाग आणि दुसरी म्हणजे २०१६ साली बंद करण्यात आलेला हिंदुस्थान मशीन टूल्सचा ट्रॅक्टर कारखाना. प्रजनन-आरोग्यावर सामाजिक शास्त्रांच्या अंगाने संशोधन करणाऱ्यांना पीएच.डी.नंतर द्यावयाच्या अधिछात्रवृत्ती, हा येथील विवेचनाचा विषय आहे. त्याच्याशी बागेचा काही संबंध नाही. ट्रॅक्टरचा मात्र आहे.

या प्रदेशाच्या पश्चिमेस, लुधियाना जिल्ह्यातील खन्ना गावाच्या परिसरात, १९५३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉन गॉर्डन व जॉन वायन यांनी एक मोठा अभ्यास आरंभिला. घरोघरी नियमाने जाऊन जन्ममृत्यूंची नोंद करावयाची आणि काही गावांत संततिप्रतिबंधक गोळ्या वाटून जन्मदर उतरतो का ते पाहावयाचे, अशी योजना होती. नोंदी काटेकोर झाल्या. त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. गोळ्यांचे मात्र जमले नाही. लोकांनी त्या घेतल्या, परंतु नेमाने वापरणारे थोडेच निघाले. १९६९ साली पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा जन्मदर काहीसा उतरलेला होता. पण तो मुख्यतः मुलींची लग्ने उशिरा होऊ लागल्यामुळे, गोळ्यांमुळे नव्हे.

असे का झाले, हे विचारण्यासाठी महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यांपैकी मानूपूर या गावी गेला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचा सारांश असा, की शेतात राबणारे हात आणि म्हातारपणचा आधार म्हणून या कुटुंबांना मुले हवीच होती. दारी आलेल्या पाहुण्यांना विन्मुख पाठवू नये एवढ्याच भावनेने त्यांनी गोळ्या ठेवून घेतल्या. (ममदानींना तेव्हा डॉक्टरेटही मिळालेली नव्हती, ती १९७४ साली मिळाली. अधिछात्रवृत्तीच्या पात्रतेचे नियम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) तथापि ममदानींच्या मांडणीत कुटुंब एका मुखाने बोलते. त्या घरातील सुनेची इच्छा सासऱ्याच्या इच्छेहून वेगळी असू शकते, या शक्यतेला तेथे फारसा वाव नाही.

पुढे शेतात ट्रॅक्टर आले. राबणाऱ्या हातांची गरज घटली, कुटुंबे लहान झाली. मुलगा हवाच हा हट्ट मात्र लहान झाला नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे पंजाबात ७९८ आणि हरियाणात ८१९ मुली होत्या. २०११ साली हे आकडे ८४६ व ८३४ झाले. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला व केंद्राचा १९९४ साली आला. कायद्याने यंत्रावर पहारा बसविता येतो. पण सोनोग्राफीला जाण्याचे त्या घरात कोण ठरविते, हे जाणण्यासाठी अभ्यासकालाच त्या घराच्या ओसरीवर बसावे लागते.

महाराष्ट्रात या बसण्याचे फळ गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग १९८६ साली तेथे कामास लागले आणि दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोगांपैकी कोणता ना कोणता विकार होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार भरले. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर सरकारी योजनांच्या लेखी ग्रामीण स्त्री म्हणजे एक गर्भाशय, आणि त्याची चिंता वाहावयाची ती केवळ संततिनियमनापुरती. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, हे तिचे दुखणे कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. १९९४ च्या कैरो परिषदेने ‘प्रजनन-आरोग्य’ ही संकल्पना सर्वमान्य केली. तिच्यासाठी जो पुरावा लागला त्यात या दोन खेड्यांचा वाटा आहे.

बंग दांपत्य वैद्यकातले. परंतु त्या तपासणीला स्त्रिया आल्या त्या विश्वासाने. हा विश्वास सहा महिन्यांत मिळत नाही. खन्ना येथे गोळ्या जशा शिष्टाचार म्हणून घेतल्या गेल्या, तशीच पहिल्या भेटींत उत्तरेही शिष्टाचार म्हणून दिली जातात. पीएच.डी.चा विद्यार्थी मुदतीच्या धाकाने तीच उत्तरे तक्त्यांत मांडून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पदवीनंतरची दोन-तीन वर्षे जर त्याला त्याच गावात, तीच बोली ऐकत आणि एखाद्या दवाखान्याशी जोडून घेऊन काढता आली, तर दुसऱ्या खेपेची उत्तरे त्याच्या कानी पडतील. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ साली स्थापन झाली आणि पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्ती तिच्या योजनांत आहेत. परंतु या विशिष्ट विषयाला जी दीर्घ मुदत लागते ती सर्वसाधारण नियमांत बसविणे कठीणच.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्यामागे कोणतीही वृत्ती नव्हती. उलट या कार्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. सर्वांनीच कर्वे व्हावे, अशी अपेक्षा समाजाने धरू नये.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. बायकांची दुखणी बायकांपाशीच बोलली जातात. म्हणून या क्षेत्रात स्त्री-संशोधक हव्यात. परंतु पीएच.डी. होऊन अधिछात्रवृत्तीस पात्र होण्याची वर्षे आणि त्यांची स्वतःची बाळंतपणाची वर्षे नेमकी एकच असतात. गावात मुक्काम करावयाचा तर मूल कोणापाशी ठेवावयाचे, हा प्रश्न अर्जाच्या छापील नमुन्यात विचारलेला नसतो; घरी मात्र तोच प्रथम विचारला जातो. वयोमर्यादा शिथिल करणे, मधला खंड मान्य करणे, मुक्कामाच्या खर्चात सोबतीच्या माणसाचा खर्च धरणे, एवढ्या तरतुदी झाल्या तरी आज अर्धवट सोडून दिलेली कितीतरी कामे पुरी होऊ शकतील.