वहीतली नोंद आणि मोबाइलमधली नोंद



त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की गुरुजी जाडजूड वही काढतात आणि आपले पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होते, हे वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत, अलीकडच्या बाळबोधीत. शेवटी आपलीही नोंद होते आणि आपण खाली सही करतो.

या नोंदीचे वैशिष्ट्य काय? ती आपल्याला विचारून, आपल्यासमोर होते. वही कोणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असते. आणि ती पाहायला यायचे, तर त्र्यंबकला यावे लागते.

आज शाळेतला मुलगा किंवा मुलगी दिवसभरात अशा कितीतरी नोंदी करते, पण मोबाइलवर. कुठे फोटो टाकला, कुणाच्या मजकुराला ‘लाइक’ केले, काय शोधले, कुठल्या गावी गेले, हे सारे कुठेतरी साठत जाते. इंग्रजीत त्याला ‘डिजिटल फूटप्रिंट’ म्हणतात. आपण डिजिटल माग म्हणू. ही वही कोणाच्या कपाटात आहे, ते मुलाला ठाऊक नसते. आपल्या मोबाइलमधून मजकूर पुसला, तरी दुसऱ्याने त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असू शकतो.

या मागाची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्राने २०१२ साली पाहिले. त्या वर्षी नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत बंद पाळला गेला. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्या वेळी वापर झाला, त्याला एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्याय मिळाला खरा. पण त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

या प्रसंगावरून मुलांना ‘काही लिहूच नका’ असे शिकवायचे का? मुळीच नाही. मत मांडणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि न्यायालयाने तोच उचलून धरला. शिकवायचे ते एवढेच, की चार मैत्रिणींसाठी लिहिलेले चारच मैत्रिणींपुरते राहत नाही. हे जाणून, विचार करून लिहावे.

वर्गात यासाठी वेगळा विषय नको. एका तासाला मुलांना आपलेच नाव इंटरनेटवर शोधायला सांगावे. काय सापडते? स्पर्धेचा निकाल, जुना फोटो, कधी घरचा फोन नंबरही. दुसऱ्या तासाला मोबाइलची सेटिंग उघडून कोणत्या ॲपला आपले ठिकाण, कॅमेरा आणि संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली आहे, ते तपासावे. नको ती परवानगी तिथेच बंद करावी. तिसरा धडा दुसऱ्याच्या मागाविषयीचा. मित्राचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही.

हा तिसरा धडा त्र्यंबकला फार लागू आहे. कुशावर्तावर स्नान करणारी, पितरांसाठी विधी करणारी माणसे देवाच्या दारी आलेली असतात, कॅमेऱ्यासमोर नव्हे. ओलेत्याने उभ्या असलेल्या बाईचा किंवा विधीत डोळे पुसणाऱ्या माणसाचा फोटो क्षणात जगभर जातो. २०२७ मध्ये सिंहस्थाची प्रमुख पर्वस्नाने आहेत. गावातल्या शाळांनी ‘आधी विचारा, मग फोटो काढा’ एवढे जरी मुलांच्या अंगी बाणवले, तरी यात्रेकरूंवर उपकार होतील.

मोठ्यांनीही थोडे शिकायला हवे. बाळाच्या बारशापासून त्याचे फोटो टाकून त्याची पहिली नोंद आपणच करतो. गुणपत्रिका आणि फोन नंबर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपणच टाकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. पण ‘मी संमत आहे’ हे बटण न वाचता दाबणारे पालक असतील, तर कायदा किती पुरा पडणार?

आणि एखादे मूल फसले, कोणी फोटोवरून धमकावू लागले, तर त्याला रागावू नका. रागाच्या भीतीनेच मुले गप्प बसतात. पुरावा पुसू न देता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे. मात्र घरी पहिल्यांदा सांगता यावे, एवढा विश्वास मुलाला आपणच द्यायचा आहे.