योजनेचे दुसरे वर्ष



कोणत्याही कल्याणकारी योजनेच्या पहिल्या वर्षी उद्घाटन होते, फलक लागतो, लाभार्थींची यादी तयार होते. योजनेची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. निराधार, कुपोषित वा दिव्यांग बालकांच्या बाबतीत ही परीक्षा अधिकच कठीण असते. कारण रस्त्याचे राहिलेले काम पुढील वर्षी पूर्ण करता येते, बालकाचे गेलेले वर्ष परत आणता येत नाही.

नागपूर शहराला या सातत्याचा एक वस्तुपाठ लाभला आहे. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी येथे मातृसेवा संघाची स्थापना केली. बाळंतपणात माता आणि अर्भके दगावणे हे नशिबाचे भोग मानले जात होते, त्या काळात एका लहानशा प्रसूतिगृहाने या कार्याचा आरंभ झाला. पुढे गरज दिसेल तसे ते विस्तारत गेले. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘नंदनवन’ आणि वृद्धांसाठी ‘पंचवटी’ उभी राहिली. १९५८ साली संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही सुरू केली. यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. आपल्या पश्चात काम पुढे नेणारी माणसे तयार करणे, हा कार्याचाच एक भाग मानला गेला. म्हणूनच संस्थापिकांच्या मागेही हे कार्य थांबले नाही आणि त्याने शंभरी ओलांडली.

शासकीय कार्यक्रमांचा अनुभवही हेच सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मेळघाटातील धारणी हा त्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक. तेव्हा नवखा असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज गावागावांत घरचा झाला आहे. २००५ साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन हाती घेतले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ४६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. ही घट लहान नव्हती. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत तेच प्रमाण ३५ टक्के आढळले. दहा वर्षांत एवढी मजल मारल्यानंतर पाऊल जागीच अडखळले. बालविकासात मिळवलेले यश आपोआप टिकत नाही. दर वर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक बालकासाठी ते नव्याने मिळवावे लागते.

पालकांचे छत्र हरपलेल्या किंवा घरी आधार नसलेल्या बालकांसाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे. संस्थेत न ठेवता बालकाला कुटुंबातच वाढवावे, हा तिचा गाभा. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले असून मासिक साहाय्य २,२५० रुपये करण्यात आले. आजीजवळ वाढणाऱ्या एखाद्या पोरक्या मुलीची कल्पना करावी. तिच्या दृष्टीने योजना म्हणजे दर महिन्याला वेळेवर येणारी रक्कम. एखादा दाखला अपुरा राहिला, मंजुरीचा कागद टेबलावर पडून राहिला, तर तिची वही आणि तिची शाळाही थांबते. म्हणून अशा मुलांच्या कागदपत्रांची आठवण शिक्षकांनी ठेवली, तर ती कोणत्याही देणगीहून मोलाची ठरते.

दुसरा कठीण टप्पा अठराव्या वर्षी येतो. कायद्याने बालक सज्ञान होते आणि बालगृहाचे दार मागे पडते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणाची तरतूद आहे. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणाचा निर्णयही घेतला. परंतु जे कधीच स्वावलंबी होऊ शकणार नाहीत, त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना आसरा देणारा कायदा व्हावा, असा आग्रह सातत्याने धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, प्रश्न मात्र समाजापुढे तसाच उभा आहे.

या कामी ग्रामपंचायतीचा वाटा दुय्यम नाही. स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणे हे तिचे कर्तव्य आहे. ही रक्कम मार्चअखेरीच्या घाईत एखाद्या खरेदीवर संपविण्याऐवजी गावातील मुलांची गरज पाहून वर्षभर खर्च व्हावी. गावातील निराधार मुलांची नोंदवही असावी. ग्राम बाल संरक्षण समितीने ती नियमाने उघडावी. शाळेतून गळालेल्या आणि स्थलांतरित मजुरांबरोबर गेलेल्या मुलांची नावे तीत असावीत. संकटातील बालकाची माहिती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे वा १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावी. अधिकारी बदलून जातात, पंचायतीची मुदत संपते. नोंदवही मात्र पुढच्या हाती नीट सोपविता येते.

बालकाला योजनेचे नाव ठाऊक नसते. गेल्या वर्षी आपली विचारपूस करणारे माणूस यंदाही आले की नाही, एवढेच त्याला कळते. दुसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, अठराव्या वर्षीही ते माणूस यावे, एवढी व्यवस्था गावाने आणि शासनाने मिळून केली, तरच योजना टिकली असे म्हणता येईल.