स्तुति आणि पापनिवेदन : एकच शब्द



संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत ‘एक्सोमोलोगेओ’ हें ग्रीक क्रियापद दोन ठिकाणीं आलें आहे. तिसऱ्या अध्यायांत यार्देन नदींत बाप्तिस्मा घेणारे लोक आपलीं पापें कबूल करितात, तेथें हाच शब्द आहे. अकराव्या अध्यायांत प्रभु येशू पित्याचें स्तवन करितो, तेथेंही हाच. निष्पाप प्रभूस कबूल करावयास पाप कोठून असणार? म्हणून तेथें भाषांतरकार ‘स्तुति’ लिहितात, व तें योग्यच आहे.

परंतु शब्दाचा गाभा एकच : जें खरें आहे तें उघडपणें मान्य करणें. देवाविषयींचें सत्य मान्य केलें कीं ती स्तुति; स्वतःविषयींचें मान्य केलें कीं तें पापनिवेदन. संत ऑगस्टिन यांनीं इ. स. ४०० च्या सुमारास आपल्या ग्रंथास ‘कन्फेसिओनेस’ हें नांव दिलें, तें ह्या दोन्ही अर्थांनीं.

महोत्सवाच्या गायनांत आपला आवाज उंच लागतो. पापनिवेदनाच्या जाळीपाशीं मात्र तोच कंठ दाटून येतो. तेथें कोणी अडखळत दोन शब्द बोलला, तर माझ्या कानीं तेंही स्तोत्रच पडतें. आणि हें सांगणारा मी, स्वतः गुडघे टेकावयाची वेळ आली म्हणजे दाराशीं अजून घुटमळतोंच.