कोणी अडवलं ते लिहा

आज कृषी पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

माझी सारी नोकरी लढाईच्या मुलखात धान्य पोचवण्यात गेली. मी मंगळवेढ्याकडचा, भाकरीवर वाढलेला. १९९८ साली केनियाच्या उत्तर सीमेजवळच्या लोकिचोगिओला गेलो, तर गोदामात थप्पी ज्वारीचीच. सुदानचंही मुख्य अन्न तेच. ते धान्य दक्षिण सुदानातल्या बहर-अल-गझलसाठी होतं. तिथे दुष्काळ पडलाय असं जग म्हणत होतं. पाऊस हुकला होता, हे खरं. पण त्याआधी हल्लेखोरांनी गावं जाळली होती, गुरं हाकून नेली होती. जानेवारीत वाऊ शहरात लढाई झाली आणि पुढच्या महिन्यात खार्तूमच्या सरकारनं मदतीची विमानं बंद केली. १९८९ पासून चाललेल्या ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ची रीतच तशी होती. कुठे उतरणार त्याची यादी दर महिन्याला खार्तूमला पाठवायची आणि ते ज्या गावांना नकार देतील ती सोडायची. गोदामात ज्वारी आहे, धावपट्टीवर विमान उभं आहे आणि वैमानिक सावलीत बसून आहेत, असे दिवस मी पाहिले.

परवानगी आली की हर्क्युलिस विमान सुमारे १६ टन धान्य घेऊन निघे. उतरायला जागा नसे, म्हणून खाली झेपावून पोती सोडायची. फुटू नयेत म्हणून पोत्यात पोतं घालून शिवलेली. तरी काही फुटत. मग बाया मातीतून दाणा न् दाणा वेचत. आणि वाटप झाल्यावर बंदूकवाले येऊन त्यातला वाटा काढून नेत. ही खंडणी खार्तूमशी लढणाऱ्या बंडखोरांची होती, हेही सांगितलं पाहिजे.

आमच्या पेशाबद्दलची माझी तक्रार अजून गेलेली नाही. वरच्यांना आकडा हवा असे तो निघालेल्या टनांचा, पोटात गेलेल्या धान्याचा नव्हे. एकदा मी अहवालात लिहिलं, की अमुक नाक्यावर अमुक अधिकाऱ्यानं गाड्या रोखल्या. छापून आला तेव्हा त्या जागी ‘सुरक्षेच्या कारणास्तव विलंब’ एवढंच उरलं होतं. नावं घेतली तर आपल्यालाच देशाबाहेर काढतील, असं वरिष्ठ म्हणाले. ती भीती खोटी नव्हती. पण गप्प राहूनही गाड्या सुटल्या नाहीत.

नागरिकांना उपाशी ठेवून लढायला १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं मनाई केली. २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २४१७ करून त्याचा निषेध केला. आणि सुदानात? फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्करी सरकारनं चाडमधून दारफूरला जाणारी अद्रेची वाट बंद केली. १ ऑगस्टला दारफूरमधल्या जमजम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. त्यानंतर दोन आठवड्यांनी वाट उघडली, तोवर पावसाळ्यात ओढे दुथडी भरले होते. तिकडे लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलानं दारफूरमधल्या अल-फाशेर शहराला वेढा घातलेला. तिथली माणसं शेंगदाण्याची पेंड खाऊन राहिली. मुलांनो, पेंड! आपण ती गोठ्यात घालतो. जून २०२५ मध्ये त्या शहराकडे निघालेला १५ ट्रकांचा तांडा अल-कोमाजवळ हल्ल्यात सापडला. तांड्यातली पाच माणसं मारली गेली.

यातलं काहीही आभाळातून कोसळलेलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सही केली नव्हती, नाहीतर कोणीतरी बंदूक रोखली होती. म्हणून सांगतो, कोणी अडवलं ते लिहा. तुम्ही सुदानला जाल असं नाही. कोणी महसूल खात्यात जाल, कोणी गोदामावर, कोणी एखाद्या संस्थेत. पंचनामे आणि अहवाल मात्र सगळ्यांनाच लिहायचे आहेत. धान्य कुठे थांबलं, किती दिवस, कोणाच्या सहीसाठी, हे तीन रकाने छापील नमुन्यात नसतात. हातानं आखून घ्या आणि भरा.