बंद पाकीट कोणापासून बंद?

गोपनीय कागद कोर्टात दाखल करावा का, हा वादाचा मुद्दाच नाही. तो करावाच लागतो. अत्याचारग्रस्त मुलीचं नाव बाहेर फुटता कामा नये, घटस्फोटाच्या दाव्यातला वैद्यकीय अहवाल चव्हाट्यावर येऊ नये, साडीच्या नव्या डिझाइनची फाइल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती लागू नये. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्तीत तर सकाळची कुजबुज संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला पोचते. खरा प्रश्न कागद कोणापासून झाकायचा, हा आहे. लोकांपासून झाकणं, कारण सबळ असेल तर, मला मान्य आहे. समोरच्या पक्षापासून झाकून त्याच कागदावर त्याच्याविरुद्ध निकाल देणं मान्य नाही.

हा भेद आपल्याच जुन्या खटल्यात लख्ख दिसतो. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात न्या. तारकुंडे यांच्यापुढे चालू होता. साक्ष छापून आल्याने धंदा बुडतो, असं गाऱ्हाणं एका साक्षीदाराने मांडलं आणि ती छापू नये, असा तोंडी हुकूम तारकुंडे यांनी दिला. वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्यांची याचिका फेटाळली. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा, विरोधी मत एकट्या हिदायतुल्लांचं. छापण्याच्या स्वातंत्र्याविषयीची हिदायतुल्लांची काळजी मला आजही रास्त वाटते. तरी एक गोष्ट विसरू नये: त्या साक्षीचा शब्दन् शब्द दोन्ही पक्षांच्या कानांवर पडत होता, उलटतपासणीला वाव होता. बंदी होती ती छापण्यावर.

कागद सीलबंद पाकिटातून फक्त न्यायाधीशाला दाखवण्याची रीत याच्या उलट चालते. ‘मीडियावन’ या मल्याळी वाहिनीचा परवाना २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून अडला. कारणांचे कागद केरळ उच्च न्यायालयाने पाकिटात वाचले आणि वाहिनी हरली, पण कशामुळे हरली ते तिला कळलंच नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि ही रीत नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवली. रफाल विमानखरेदीचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या निकालात महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासल्याचा उल्लेख आला. प्रत्यक्षात तो अहवाल तोवर संसदेपुढे आलेलाच नव्हता. सरकारच दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज घेऊन आलं: पाकिटातल्या टिपणाचा अर्थ चुकीचा लागला, म्हणे. ते टिपण प्रतिपक्षाच्या वकिलासमोर असतं, तर ही चूक निकालापर्यंत पोचणं कठीण होतं. न्यायाधीश कितीही विद्वान असला, तरी एकाच बाजूचं वाचून त्याचंही चुकतं.

यावर कोणी म्हणेल, देशाच्या सुरक्षेचं काय? आणि पोलिसांची केस डायरी तरी आरोपीला कुठे मिळते? डायरी मिळत नाही, खरं. पण म्हणूनच ती पुरावा म्हणून वापरायला कायद्याने मनाई आहे. न्यायालयाला फक्त तिची मदत घेता येते. सुरक्षेच्या बाबतीत ‘मीडियावन’च्याच निकालाने वाट दाखवली आहे: नाजूक मजकूर काळा करून बाकीचा द्यावा, गोषवारा द्यावा, न्यायालयाने स्वतःच्या मदतीला न्यायमित्र नेमावा. केरळमधल्या अभिनेत्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात आरोपी अत्याचाराचं चित्रण असलेल्या मेमरी कार्डाची प्रत मागत होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत नाकारली, पण वकील आणि तज्ज्ञासह चित्रण पाहण्याची मुभा दिली. मुलीची अब्रू राहिली, बचावाचा हक्कही राहिला. व्यापारी गुपितांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत तर ठरावीक वकील व तज्ज्ञांनाच कागद दाखवण्याची सोय आहे. सुरतेच्या कापड-हिऱ्यांच्या दाव्यांत आपण वकिलांनीही ती मागायला हवी.

तेव्हा पाकीट देताना सोबत एक उघडी यादी जोडावी: कागद कोणत्या प्रकारचा, पानं किती, झाकायचं कारण काय, आणि तिची नक्कल समोरच्या वकिलाला द्यावी. जे लोकांपासून झाकायचं, ते मात्र नीट झाकावं. ई-फायलिंगमध्ये पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली, तर खालचं नाव तसंच राहतं. कोणीही ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की वाचता येतं. पट्टी मारलेलं पान छापून, पुन्हा स्कॅन करून, मगच अपलोड करावं.