शास्त्राचा अर्थ लावावा कोणी?



ज्ञानेश्वरांनी पैठण येथे ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आहे, त्याची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. जुन्नरकरांनी तर खरेच, पण आंबेगावकरांपैकीही पुष्कळांनी तिचे दर्शन घेतले असेल. चमत्कार खरा की खोटा, या वादात शिरण्याचे आज कारण नाही. त्या कथेच्या पोटी असलेला प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो. शास्त्र उच्चारण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा? ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगून आपले उत्तर दिले. हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मातही उभा राहिला, आणि महाराष्ट्रातील एका विदुषीने त्यासाठी पुष्कळ सोसले. त्या पंडिता रमाबाई.

प्रथम या वादाचे मूळ पाहू. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये रोमच्या धर्मपीठाशी वाद मांडला आणि १५२२ मध्ये बायबलातील नवा करार जर्मन भाषेत आणला. शास्त्र हेच अखेरचे प्रमाण, असा त्याचा पक्ष. उलट ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये ठरविले की, चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी स्वमताने शास्त्राचा अर्थ लावू नये. मौज अशी की, दोन्ही पक्षांना आधार बायबलातच मिळतो. पौलाची शिकवण रोज शास्त्रात पडताळून पाहणाऱ्या बिरुयाच्या लोकांची तेथे वाखाणणी आहे. आणि त्याच ग्रंथात, रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणारा हबशी अधिकारी वाट दाखविणारा मागतो. स्वतः ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली यांचे १५२९ मध्ये प्रभुभोजनातील भाकरीच्या अर्थावरून बिनसले. ग्रंथ एक, श्रद्धा खरी, तरी अर्थ दोन! वाचण्याचे स्वातंत्र्य आले की मतभेद त्याच्या पाठोपाठ येतोच.

आता रमाबाईंकडे वळू. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याबद्दल ज्यांनी लोकांचा रोष पत्करला, त्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयास असता त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथवरचे पुष्कळांना ठाऊक असते. पुढचे मात्र क्वचित सांगितले जाते.

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी विचार करणे थांबविले नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचा सिद्धांत त्यांना जसा शिकविला गेला तसा पटेना. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या शिकवणीसाठी. त्या चर्चचे प्रत्येक कलम मान्य करण्याचे वचन आपण दिलेले नाही, अशी त्यांची भूमिका होती. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेरल्डीन यांना यात अहंकार दिसला. मांसाहार न करण्याचा रमाबाईंचा नेमही त्यांना जात्यभिमानासारखा वाटला. पत्रे गेली, पत्रे आली. स्वदेशातील पुरोहितांचे जोखड आताच कोठे उतरविले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो जिज्ञासूंनी अवश्य वाचावा.

या वादात पणाला काय लागले होते, हेही पाहिले पाहिजे. परका मुलूख, पदरी लहान मूल, आणि अन्न व आसरा त्याच भगिनींचा. अशा स्थितीत, तुम्ही सांगता तो अर्थ माझ्या बुद्धीला पटत नाही, असे म्हणणे सोपे नव्हते. तथापि भगिनींवरही अन्याय होऊ नये. शेकडो वर्षे अनेकांनी जपलेला अर्थ एका नवशिष्येने एका बैठकीत मोडू नये, ही त्यांची चिंता केवळ सत्तेची नव्हती. तीत आस्थाही होती.

पुढे हाच प्रश्न पुण्यात उलट दिशेने रमाबाईंपुढे आला. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्माची सक्ती नसावी असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. जिचे अन्न आपल्या हाती, तिची निवड कितपत मोकळी? वाँटेजला जे रमाबाईंनी विचारले, तेच पुण्याने रमाबाईंना विचारले. आमच्या मते दोन्ही ठिकाणी प्रश्न रास्त होता. मुलींनाही मन असते, हे मात्र पुणेकर विसरले.

रमाबाईंचे शेवटचे उत्तर वादातून आले नाही, कामातून आले. केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापखान्याचे काम झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. आपला अर्थ लावण्याचा हक्क ज्यांनी मागितला, त्यांनी त्याची किंमत श्रमाने भरली. आणि आपणच लावलेला अर्थ मुलींच्या कानी घालून त्या थांबल्या नाहीत. ग्रंथच त्यांच्या हाती दिला.

मतभेद राहूनही एकत्र नांदता येते काय? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की समजत्या वयात, यावर त्यांच्यात जुना मतभेद होता. त्यांनी तो लपविला नाही की मतांवर निकालात काढला नाही. दोन्ही प्रकार मान्य केले आणि निवड कुटुंबावर सोपविली. असा मार्ग सर्वच प्रश्नांत निघेल असे नाही. पण निघतो, हे तेथे दिसले.

स्वतः अर्थ लावणे हा हक्क आहे, तशी ती जबाबदारीही आहे. अभ्यासावाचून लावलेला अर्थ हा लहर होय, आणि दुसऱ्याला वाचू न देता लादलेला अर्थ हा जुलूम होय. ख्रिस्ती असोत, वारकरी असोत की अन्य कोणी, आपल्या घरात जो ग्रंथ पूज्य आहे तो आपण खरोखर वाचला आहे काय, आणि घरातील सुनेने किंवा मुलीने त्याचा वेगळा अर्थ सांगितला तर तो पुरता ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय, एवढे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावे.