इंग्रजी वाक्यातील शब्दांचे स्थान



ह्या जुबिलीच्या मंगल प्रसंगी आम्ही आपल्या मुलांच्या एका अडचणीविषयी दोन शब्द बोलतो. ती इंग्रजी शब्द पाठ करितात, परंतु वाक्य रचिताना अडखळतात.

क्रिया करणारा तो कर्ता, क्रिया दाखविणारा शब्द ते क्रियापद, व क्रिया ज्यावर घडते ते कर्म. 'देवाने मनुष्याला निर्मिले' म्हणा किंवा 'मनुष्याला देवाने निर्मिले' म्हणा, अर्थ एकच. कारण 'ने' व 'ला' हे प्रत्यय कर्ता व कर्म ओळखवितात. लॅटिनचीही रीत अशीच आहे. इंग्रजीत मात्र कर्ता व कर्म दाखविणारा प्रत्यय नामास लागत नाही. तेथे स्थान हीच खूण. प्रथम कर्ता, मग क्रियापद, नंतर कर्म: 'गॉड क्रिएटेड मॅन'. हेच उलटून 'मॅन क्रिएटेड गॉड' म्हटले, तर व्याकरणास दोष लागत नाही, परंतु आपल्या श्रद्धेचे मूळच उपटले जाते!

ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचिले. ते १६४० साली रायतूर येथे छापिले गेले. त्यांनी आपल्या देशभाषांसाठी एवढे श्रम केले, तर त्यांच्या भाषेतील तीन शब्द जागच्या जागी ठेवावयास आपण का कचरावे?

प्रभू आपल्या लेकरांस सुबुद्धी व धीर देवो.